शाळेच्या मंडपात आपली खुर्ची

दिवाळीची सुट्टी संपली, की शाळाशाळांतून स्नेहसंमेलनाचे वारे वाहू लागतात. कुठे लेझीमचा सराव, कुठे नाटुकल्याची तालीम, कुठे धावण्याच्या शर्यतीसाठी मैदानावर फक्की मारलेली. ७ नोव्हेंबरचा विद्यार्थी दिवस, २६ नोव्हेंबरचा संविधान दिन, ३ जानेवारीची सावित्रीमाईंची जयंती, २६ जानेवारीचे झेंडावंदन असे कार्यक्रम एकामागून एक येतात. मुले असतात, शिक्षक असतात, संस्थेचे पदाधिकारी असतात, एखादा पुढारीही हार घालून घेऊन जातो. दिसत नाही तो फक्त आपल्या वस्तीतला पालक. आज या सदरातून त्याच्याशीच चार शब्द बोलायचे आहेत.

आपला समाज सभा-संमेलनांना जात नाही, असे म्हणण्याची कुणाची छाती होणार नाही. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनी दीक्षाभूमीवर आपण लेकरेबाळे कडेवर घेऊन जातो, रांगेत तासन्‌तास उभे राहतो. भीमजयंतीला पोटाला चिमटा काढून वर्गणी देतो. गायनाचा सामना असला तर पहाटेपर्यंत जागचे हलत नाही. मग हाच माणूस दोन गल्ल्या पलीकडच्या शाळेच्या फाटकातून आत जायला का कचरतो?

कारणे खोटी नाहीत. हातावर पोट असणाऱ्याची एक हजेरी बुडाली तर संध्याकाळच्या भाजीचा प्रश्न उभा राहतो. चार घरची धुणीभांडी करणाऱ्या आईला मालकीण सुट्टी देत नाही. पूर्वी शाळेचा शिपाई निरोप आणायचा, आता निरोप मोबाइलच्या गटावर येतो. मोबाइल वडिलांच्या खिशात, वडील कामावर, आणि आईला रात्री निरोप कळतो तेव्हा कार्यक्रम होऊन गेलेला असतो. याखेरीज एक कारण असे आहे, की ते कुणी बोलून दाखवत नाही. ते म्हणजे संकोच. “तिथे सगळी शिकलेली माणसे, आपण काय बोलणार? आपले कपडे हे असे. साहेबांनी इंग्रजीत काही विचारले तर?” ज्या शाळेने आपल्या बापजाद्यांना दाराबाहेर ठेवले, तिचे फाटक आजही आपल्याला जरा उंचच वाटते.

पण बंधू-भगिनींनो, आपला इतिहास काय सांगतो तेही पाहू या.

एका सत्कारसभेची गोष्ट

७ नोव्हेंबर १९०० रोजी बाल भीमरावांचे नाव साताऱ्याच्या सरकारी शाळेत, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये दाखल झाले. त्या दिवसाची आठवण म्हणून महाराष्ट्र शासनाने २०१७ पासून ७ नोव्हेंबर हा विद्यार्थी दिवस ठरवला. शाळेत असताना भीमरावांना वर्गात वेगळे बसावे लागे, बसायचे गोणपाट घरून न्यावे लागे आणि शिपायाने वरून पाणी ओतले तरच तहान भागे, हे आपण सारे जाणतो. भाषणांतून आपण ते नेहमी सांगतो. त्याच शालेय जीवनातली दुसरी एक हकिकत मात्र आपण कमी सांगतो.

‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथासाठी लिहिलेल्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी ती स्वतः सांगितली आहे. ते इंग्रजी चौथीची परीक्षा उत्तीर्ण झाले, तेव्हा समाजातील मंडळींनी त्यांचा जाहीर सत्कार करायचे ठरवले. इतर समाजांच्या मानाने ते यश काही फार मोठे नव्हते. पण आपल्यातला एक मुलगा इथवर पोहोचला याचेच लोकांना अप्रूप होते. मंडळी रामजी सुभेदारांकडे परवानगी मागायला गेली. सुभेदारांनी साफ नकार दिला. पोराने एक परीक्षाच तर दिली आहे, असल्या सत्काराने त्याच्या डोक्यात हवा जाईल, असे त्यांचे म्हणणे. मंडळी हिरमुसली, पण मागे हटली नाही. ती सुभेदारांचे स्नेही दादा केळुसकर यांच्याकडे गेली. केळुसकरांनी सुभेदारांची समजूत घातली, सभा झाली, आणि सभेच्या शेवटी त्यांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्या मुलाच्या हाती भेट म्हणून ठेवले. ते वाचून आपण भारावून गेलो, असे बाबासाहेब नमूद करतात.

विचार करा. ती सभा झालीच नसती तर? बाबासाहेबांचे शिक्षण अडले नसते, हे खरे. पण बुद्धाची पहिली ओळख त्यांना झाली ती अशा एका घरगुती सत्कारसभेत. सभा भरवणारे कोण होते? त्यांतल्या बहुतेकांची नावेही आज आपल्याला ठाऊक नाहीत. साधी माणसे होती. दिवसभर राबून संध्याकाळी एका मुलाचे कौतुक करायला ती जमली होती. मुलाच्या शिक्षणात समाजाने सहभागी व्हायचे म्हणजे काय, याचा धडा त्यांनी आपल्याला घालून दिला आहे.

त्याहूनही मागे जाऊ. महात्मा फुले आणि सावित्रीमाईंनी पुण्यात मुलींसाठी आणि अस्पृश्यांसाठी शाळा काढल्या, त्या शाळांच्या परीक्षा जाहीरपणे, लोकांसमोर होत. मुलगी वाचते, मुलगी गणित सोडवते, हे चारचौघांनी डोळ्यांनी पाहावे हा त्यामागचा हेतू. नुसते सांगून समाजाला पटत नव्हते. त्याच शाळेत शिकलेल्या चौदा वर्षांच्या मुक्ता साळवेचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. शाळेचा कार्यक्रम ही करमणूक नव्हती. आमची मुलेही शिकू शकतात, हे सर्वांच्या देखत सिद्ध करण्याची ती जागा होती. ती गरज आज संपली आहे का, हे ज्याचे त्याने आपल्या मनाला विचारावे.

दप्तरात राहिलेली चिठ्ठी

आमच्या वसाहतीतील एक गृहस्थ सफाई खात्यात आहेत. पहाटेची पाळी. त्यांचा मुलगा सातवीत असताना वक्तृत्व स्पर्धेत दुसरा आला. बक्षीस समारंभाला पालकांनी यावे म्हणून शाळेने चिठ्ठी दिली. ती चिठ्ठी दप्तरातच राहिली. शेजारच्या मुलीने सहज विचारले, “काका, तुम्ही येणार ना?” तेव्हा त्यांना कळले. मुलाने चिठ्ठी का दाखवली नाही, हे समजायला त्यांना फार वेळ लागला नाही. वर्गात कुणी वडिलांचा धंदा विचारला की पोरगा “महापालिकेत” एवढेच सांगून गप्प बसत असे.

ते मुलाला रागावले नाहीत. मुकादमाला सांगून तासभर लवकर सुटले, आंघोळ केली, धुतलेला सदरा घातला आणि शाळेत जाऊन मागच्या बाजूला उभे राहिले. वर्गशिक्षिकेने पाहिले व पुढे बोलावून खुर्ची दिली. मुलाचे नाव पुकारल्यावर टाळ्या झाल्या त्यात बापाच्याही टाळ्या होत्या. सुरुवातीला मुलगा मान वर करीना. कार्यक्रम संपल्यावर मात्र तोच बापाचा हात धरून, “चला, माझा वर्ग दाखवतो,” म्हणाला. बाकावर बसून दाखवले, फळ्याशेजारी लावलेले आपले चित्र दाखवले. त्या गृहस्थांनी मला एवढेच सांगितले, “भाऊ, पोराचा वर्ग मी पहिल्यांदा पाहिला.”

सात वर्षे मुलगा ज्या खोलीत जातो ती खोली बापाने पाहिलेली नाही, ही एका घराची गोष्ट नाही. ती घरोघरची आहे. आणि मुलाला आपल्या आईबापाची लाज वाटते तेव्हा ती त्याच्या मनात आपोआप उगवलेली नसते, भोवतालच्या समाजाने पेरलेली असते. ती काढायचा उपाय भाषणात नाही. आईबापाने ताठ मानेने शाळेत जाऊन बसणे, हाच तो उपाय आहे. शाळेतल्या चारचौघांत आपल्या बापाला खुर्ची मिळालेली मुलगा पाहतो, तेव्हा त्याची स्वतःच्या बाकावरची बैठकही पक्की होते.

खुर्च्या कोण उचलतो, मंचावर कोण जातो?

आता थोडे कडू बोलायचे आहे. एका शाळेत सलग दोन वर्षे असे दिसले, की संमेलनाच्या खुर्च्या लावायला, सतरंज्या अंथरायला, पाण्याचे पिंप भरायला आपल्या वस्तीतील मुले, आणि नाचात-नाटकात मात्र दुसरीकडची. काम करण्यात कमीपणा नाही. पण नेहमी त्याच मुलांनी काम करायचे आणि नेहमी त्याच मुलांनी टाळ्या घ्यायच्या, ही वाटणी आपल्या ओळखीची आहे.

वस्तीतील महिला मंडळाच्या चार भगिनी पालकसभेला गेल्या. भांडायला नाही, विचारायला. “बाई, मुलांची निवड कशी करता?” बाईंनी सरळ सांगितले, “ज्यांचे पालक ड्रेस आणून देतात आणि शाळा सुटल्यावर सरावाला थांबू देतात, त्यांना घेतो. तुमच्याकडून कुणी येतच नाही.” बाईंचे सगळेच बरोबर होते असे नाही. ड्रेस आणण्याची ऐपत पाहून कलाकार निवडणे कोणत्याही शाळेला शोभत नाही, आणि हे त्या भगिनींनी तिथेच नम्रपणे सांगितले. पण त्याचबरोबर त्यांनी दुसरेही केले. मंडळाच्या पैशातून लेझीमच्या ड्रेसचे कापड आणले, शिवणकाम येणाऱ्या दोघींनी ते शिवले, सराव संपल्यावर मुलांना घरी आणायची पाळी लावली. पुढच्या संमेलनात वस्तीतली सहा मुले मंचावर होती. आणि खुर्च्या? त्या यंदा सगळ्या वर्गाने मिळून लावल्या. न जाता रागावून घरी बसलो असतो तर यातले काहीच झाले नसते.

हक्काची जागाही आहे

शाळेत जाणे म्हणजे केवळ पाहुणा म्हणून जाणे नव्हे. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम २१ प्रमाणे शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थेच्या आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिचे किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक असले पाहिजेत, निम्म्या महिला असल्या पाहिजेत, आणि वंचित व दुर्बल घटकांतील पालकांना प्रमाणशीर प्रतिनिधित्व मिळाले पाहिजे. शाळेच्या कामकाजावर आणि मिळालेल्या अनुदानाच्या वापरावर लक्ष ठेवणे, शाळेचा विकास आराखडा करणे ही तिची कामे. अनुदानित शाळेत तिचे काम सल्ल्यापुरते असते, तरी तिथेही आवाज ऐकवता येतो. विनाअनुदानित इंग्रजी शाळेत मूल घातले असेल तर तिथे पालक-शिक्षक संघ असतो, आणि २०११ च्या शुल्क नियमन कायद्याने फी ठरवताना त्या संघाच्या कार्यकारी समितीला स्थान दिले आहे.

मी कारकून माणूस. कागद कसा चालतो ते मला ठाऊक आहे. सभेला कोण हजर, याच्या सह्या होतात. जो हजर असतो त्याचे नाव पुढच्या यादीत जाते. जो कधीच दिसत नाही त्याचे नाव सुचणार कुणाला? मग आपण म्हणतो, समितीवर आपला माणूस नाही. माणूस कार्यक्रमाला नाही, पालकसभेला नाही, तर समितीवर कुठून येणार?

पालकसभेला गेल्यावर गप्प बसून चहा पिऊन येऊ नका. पाच गोष्टी विचारा. माझ्या मुलाची हजेरी किती? त्याला त्याच्या इयत्तेचे वाचता-लिहिता येते का? तो वर्गात कुठे आणि कुणाजवळ बसतो? शिष्यवृत्तीचा कोणता अर्ज भरायचा आहे आणि त्याला कोणते दाखले लागतील? पुढे कोणत्या परीक्षेला तो बसू शकतो? पाचवी ते दहावीच्या अनुसूचित जातीच्या मुलींसाठी सावित्रीबाई फुले शिष्यवृत्ती आहे. पाचवीत नवोदय विद्यालयाची प्रवेश परीक्षा देता येते. आठवीत राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्तीची परीक्षा असते, तिच्यात निवड झालेल्याला नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. ही माहिती घरी चालत येत नाही. ती शाळेच्या सभेत, संमेलनाच्या गर्दीत, बाईंशी दोन मिनिटे बोलताना मिळते.

पूजेचा प्रश्न

काही पालक म्हणतात, “शाळेच्या कार्यक्रमात मूर्तिपूजा असते, आम्हाला बावीस प्रतिज्ञा आहेत, म्हणून मुलाला पाठवत नाही.” प्रश्न खरा आहे, पण उपाय चुकीचा आहे. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद २८ प्रमाणे पूर्णपणे शासनाच्या पैशावर चालणाऱ्या शिक्षणसंस्थेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. मान्यताप्राप्त किंवा अनुदानित संस्थेतही मूल अज्ञान असेल तर पालकाच्या संमतीशिवाय त्याला धार्मिक शिक्षणात वा उपासनेत भाग घ्यायला लावता येत नाही. तेव्हा कार्यक्रमाच्या आठ दिवस आधी मुख्याध्यापकांना भेटावे आणि शांतपणे आपले म्हणणे लेखी द्यावे. ऐन मंडपात आरडाओरडा करू नये. त्याने मुलाचीच मान खाली जाते. मुलाने पूजेत भाग घेऊ नये, पण धावण्याच्या शर्यतीत, नाटकात, विज्ञान प्रदर्शनात जरूर घ्यावा. एका पूजेपायी सगळा दिवस घरी ठेवलेले मूल वर्गात एकटे पडते. आणि जो न्याय आपण मागतो तोच इतरांनाही द्यावा. दुसऱ्यांच्या मुलांवर आपली वंदना लादू नये.

हिशेब करून पाहा

हजेरी बुडते, या मुद्द्याचा हिशेब मांडू. १५ ऑगस्ट व २६ जानेवारीला बहुतेक कार्यालये-कारखाने बंद असतात. ते दोन दिवस फुकटच आहेत. उरले एक स्नेहसंमेलन, एक क्रीडा दिन आणि दोन-तीन पालकसभा. वर्षाकाठी चार-पाच अर्धे दिवस. आईने दोन, वडिलांनी दोन, एखादा आजीने वाटून घेतला तर एकेकाच्या वाट्याला फारसे येत नाही. तेही जमत नसेल तर शेजारच्या तीन घरांनी मिळून पाळी लावावी. जो जाईल त्याने तिघांच्या मुलांची चौकशी करावी आणि रात्री ओट्यावर सर्वांना सांगावे. सभा शनिवारी दुपारी किंवा संध्याकाळी घ्या, असा अर्ज दहा पालकांच्या सह्यांनी दिला तर पुष्कळ शाळा ऐकतात.

ड्रेसचा खर्चही असाच वाटता येतो. विहारात किंवा मंडळाच्या खोलीत एक कपाट ठेवावे. त्यात नऊवारी, धोतर, फेटे, निळा कोट, पांढरे सदरे जमा करावेत. एकदा घेतलेला कोट दहा मुलांना पुरतो. जयंतीच्या आवाजावर होणाऱ्या खर्चातून थोडा भाग यासाठी काढला तर जयंतीचे तेज कमी होणार नाही.

घेऊन जाण्यासारखे आपल्याकडे पुष्कळ आहे

शेवटी एक. आपण शाळेकडे मागायलाच जातो असे नव्हे. आपल्या वस्तीत ढोलकी वाजवणारे आहेत, पेटीवर बोटे फिरवणारे आहेत, पथनाट्य बसवणारी तरुण मुले आहेत, सुतार आहेत, गवंडी आहेत, विजेचे काम जाणणारे आहेत. संमेलनाचा मंच बांधायला, गाणे बसवायला, शाळेची मोडकी बाके दुरुस्त करायला यांनी एक रविवार द्यावा. मिलिंद महाविद्यालयाचे प्राचार्य म. भि. चिटणीस यांनी ‘युगयात्रा’ नाटक लिहिले, ते १९५५ साली महाविद्यालयात बाबासाहेबांसमोर सादर झाले. दलित रंगभूमीच्या इतिहासात त्या प्रयोगाचे नाव आवर्जून घेतले जाते. शिक्षणसंस्थेच्या साध्या रंगमंचावरून केवढे उभे राहू शकते, याचा हा दाखला.

आणि शाळेत जाताना केवळ आपल्या मुलासाठी टाळ्या वाजवू नका. शेजारच्या बाकावरच्या, दुसऱ्या जातीच्या, दुसऱ्या धर्माच्या मुलासाठीही वाजवा. त्याच्या आईशी बोला, शेजारी बसून डबा खा. संविधानातील बंधुता हा शब्द मुले परिपाठात रोज म्हणतात. मोठी माणसे एका सतरंजीवर बसलेली पाहिली, तर त्यांना त्याचा अर्थ वेगळा शिकवावा लागणार नाही.

येत्या महिन्यात आपल्या मुलाच्या शाळेत कोणता कार्यक्रम आहे, हे आज रात्री जेवताना त्याला विचारा. कदाचित चिठ्ठी दप्तरातच असेल. ती काढून घ्या, तारीख कॅलेंडरवर लिहा, आणि त्या दिवशी फाटकातून आत जा. मागे उभे राहू नका. मंडपातली एक खुर्ची आपलीही आहे.

जयभीम!